रेशमावरची कात्री
सुनेनं कात्री विंचू धरल्यासारखी धरावी, हे सासूबाईंना मुळीच खपत नव्हतं. दोघी महिला केंद्रात फुकट शिवण शिकवायच्या, पण कापायची वेळ आली की ही म्हणायची, "आई, तुम्हीच कापा ना!" उद्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, हिनं कात्री चालवली नाही, तर वर्गाला टाळं. म्हणून आज बायकांसमोर त्यांनी आपलं ठेवणीतलं रेशमी कापड टेबलावर पसरलं आणि हात मांड्यांखाली दाबून बसल्या. सुनेनं सवयीनं कात्री पुढे केली. "आई, बिघडलं तर?" सासूबाईंच्या बोटांना मुंग्या आल्या, जीभ वळवळली, पण त्यांनी हात मांड्यांखाली आणखी घट्ट दाबले. अखेर कात्री करकरत रेशमात शिरली. सासूबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मग त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "वाकडं कापलंस, बये. पण तूच कापलंस. उद्याचा वर्ग तुझा, कळलं?"