सुदानची वज्री

थाप म्हणा हवं तर. २००४ साली जर्सी सिटीला पुतण्याकडे, यतीनकडे, होतो. त्याच्या शोकेसमधला चपटा दगड वज्री समजून मी अंघोळीत टाचांना घासला. टाचा लोण्यासारख्या मऊ झाल्या.

“शी, काका! ते सुदानचं अश्मयुगातलं हत्यार आहे,” यतीन म्हणाला. “त्यानं लोक कातडी खरवडायचे.”

“मग मी काय वेगळं केलं?”

त्यानं दगड धुऊन कुलपात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटाच असताना बाथरूममधून खर्र खर्र आवाज आला. आत गेलो तर कच्च्या चरबीचा वास. शॉवरच्या दांडीवर ओलं कातडं वाळत घातलेलं, आतून स्वच्छ खरवडलेलं. त्यावर देवीच्या लशीचा गोल व्रण होता, आमच्या पिढीच्या दंडावर असतो तसा.

मी बाहीत हात घालून दंड चाचपला. लोण्यासारखा मऊ लागला.