पालथी टोपली

पोर्तुगालमधल्या कोलारेशच्या समुद्रकाठी, वाळूतले द्राक्षमळे बघत लिओनोर दिवसभर एकटीच भटकली. सकाळपासूनचं धुकं काही हटलं नव्हतं. संध्याकाळी ती अर्मिंदाआजींच्या खानावळीत टेकली, तेव्हा तिच्या हातात वेताची एक जुनी टोपली होती, ओल्या, गार शिंपल्यांनी भरलेली.

"ही कुठं मिळाली गं?" वाइन ओतता ओतता आजींनी विचारलं.

"वरच्या मळ्यात. वाळूत पालथी रुतली होती. ओढून काढताना नाकी नऊ आले, आजी."

आजींचा हात थांबला.

"इथं वेल लावायला माणूसभर खोल खणावं लागायचं. खणणारा डोक्यावर टोपली पालथी घालूनच उतरायचा. वाळू ढासळलीच, तर वरचे लोक उकरून काढेपर्यंत टोपलीतल्या हवेवर तग धरता यायचा."

"अजूनही खणतात असं?"

"नाही. शेवटचा माझा भाऊ उतरला. मी तेव्हा तुझ्याएवढी होते. आम्ही आठवडाभर उकरत होतो, पण हाताला लागली ती नुसती टोपली. मग ती त्याच्यासाठी तिथंच पालथी ठेवली. तिला कुणी हात लावत नाही."

लिओनोर ओशाळली. "चुकलंच माझं. सकाळी उठल्या उठल्या नेऊन ठेवते."

आजींनी शिंपले टेबलावर ओतले, रिकाम्या टोपलीत हात घालून पाहिलं आणि खुंटीवरची शाल ओढली.

"सकाळी नको, आत्ता चल. आतून अजून उबदार आहे. श्वास रोखून बसला असेल तो."