दुसरी चावी

पिकअपच्या बॉनेटखालून गफूर मिस्त्रीनं गंजलेली डबी ओढून काढली. "वायरी ठीक, पंप ठीक. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्येच पाणी शिरलंय, आण्णा. म्हणून चालता चालता बंद पडायची."

नवा कॉम्प्युटर बसवून झाला. "आता याला गाडीच्या चाव्यांची ओळख करून द्यायची. दोन्ही द्या."

"एकच आहे. दुसरी हरवली."

"हरवली की रुसली?" मिस्त्री हसला. आण्णांचा भाजीपाला याच गाडीतून बाजारात आणणारी त्यांची लेक दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीनं लग्न करून गेली, ती खिशातल्या चावीसकट. बापलेकीचं बोलणं बंद झालं ते तेव्हापासून. अख्ख्या बाजाराला हे ठाऊक होतं.

"एकच जोड म्हटलं ना!" आण्णा तणतणत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

"जोडतो की. पण तिच्या चावीनं मग ही गाडी सुरू व्हायची नाही."

टोमॅटोच्या भावात दमडी न सोडणारा माणूस. स्टेअरिंग धरून कसलासा हिशेब केला आणि फोन लावला.

"हा गफूर अडून बसलाय, म्हणून फोन केला. तुझ्याकडची चावी पाठवून दे."

"पाठवणार नाही," लेक पलीकडून म्हणाली. "घेऊन येते. आणि गाडी घरापर्यंत मीच चालवणार."

"बापाचं ऐकायचंच नाही कधी!" आण्णा खेकसले, फोन खिशात टाकला आणि मुकाट्यानं शेजारच्या सीटवर सरकले.