तापलेला चिमटा

"बाबा, माझी बाटली कुठाय?"

विचारून टाकलं! वर्गातल्या तिघींनी पैज लावली होती, तुझी छाती होणार नाही म्हणून. झाली की!

तळघराच्या शेवटच्या पायरीवर बाबा थबकले, त्यांच्यामागे आई आणि दादा. वर वाइनच्या दुकानात पाहुणे जमले होते. आज थोरल्याच्या, म्हणजे दादाच्या हाती कारभार द्यायचा होता. घरचा नियमच होता: मूल जन्मलं की त्या सालची पोर्टची एक बाटली तळघरात आडवी ठेवायची, आणि मूल कारभार हाती घेईल त्या दिवशी उघडायची. ब्रँडी घालून मुरवलेली ही गोड, कडक वाइन सावकाश शहाणी होते. मेजावर उभी होती ती थोरल्याच्या सालची जगातली शेवटची बाटली, असं बाबा महिनाभर ज्याला त्याला सांगत होते.

"तुझी होय? राहून गेली गं," बाबा म्हणाले. "त्या वर्षी फार धावपळ होती."

राहून गेली! छत्री राहून जाते. डबा राहून जातो. धाकटीची कानशिलं तापली.

"तळघर कोण बघतं, बाबा? दादाला खाली आलं की शिंका येतात. बाटलीवरचा पांढरा पट्टा कायम वर का ठेवायचा, ते तरी विचारा त्याला!"

"कुठला पट्टा?" दादाने विचारलं.

"बघा! अरे, गाळ एकाच अंगाला बसावा म्हणून!" घरच्या बाटल्यांना लेबल नसायचं, तेवढा पट्टाच असायचा. गाळ तळाशी जावा म्हणून परवा ही बाटली उभी केली होती, तीही धाकटीनेच.

"ठमे, पुरे," आई म्हणाली. "वर माणसं ताटकळलीत. तू नुसती ती काचेची सुरई धर, वाइन ओतायला."

बाबांनी दादाच्या हातात बूच ओढायचा स्क्रू दिला. "घाल मधोमध आणि ओढ."

धाकटी बघतच राहिली. गिऱ्हाइकाने जुन्या बाटलीत स्क्रू घातला तर चार दिवस चडफडणारे हेच ते बाबा? इतक्या वर्षांचं बूच! त्याचा पार भुसा होणार.

तिने बाटलीच्या तोंडावर हात ठेवला. "खबरदार, दादा!" बाटलीचा गळा कापायचा लोखंडी चिमटा तिने मघाशीच कोपऱ्यातल्या शेगडीवर तापत ठेवला होता.

"चिमटा नको!" बाबा जवळजवळ ओरडले. "स्क्रूच बरा!"

तिने ऐकलं नाही. लालभडक चिमट्याने बुचाच्या खाली बाटलीचा गळा धरला. मिनिटभर. मग त्याच जागी गार, ओलं फडकं. टक्! गळा सरळ रेषेत तुटला आणि बुचासकट फडक्यात आला.

तिने तो दिव्यापाशी धरला. काचेतून बुचावर डागलेला आकडा स्वच्छ दिसत होता. शाळेच्या प्रत्येक अर्जावर ती तोच लिहायची. दादाच्या नंतर सहा वर्षांनी आलेलं, तिच्या जन्माचं साल.

आता स्क्रूचं कोडं सुटलं. बाबांना भुसाच हवा होता.

बाबांनी मान खाली घातली. बोलली ती आईच. "थोरल्याच्या साली द्राक्षं कुजली. कुणी बाटल्याच भरल्या नाहीत. पुढे तुझी आली... मुलाची जागा रिकामी कशी ठेवायची गं? वाटलं, मुलीची कोण विचारणार?"

"मी विचारली."

दादाने स्क्रू गुपचूप खिशात घातला आणि शिंकला.

धाकटीने मेणबत्ती जवळ ओढली आणि सुरईत ओतायला सुरुवात केली. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हात मात्र तसूभर हलला नाही. बाटलीच्या कापलेल्या तोंडाशी गाळाचा पहिला धागा दिसला तशी ती थांबली. सुरईत माणकासारखी नितळ वाइन. एवढं बाबांनाही कधी साधलं नव्हतं, आणि ते त्यांना दिसत होतं.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. "दुकान दादा चालवू दे. तळघर माझं. शाळा आहे तोवर संध्याकाळी, मग दिवसभर. आत्ता वर जा आणि पाहुण्यांना हे तुमच्या तोंडाने सांगा. मी सुरई घेऊन मागून येतेय. मी पोचेपर्यंत सांगून झालं नसेल, तर सुरईशेजारी मी बूचही ठेवणार आहे."