जुनी घंटा

गावचा निकोलो मोटारींच्या शर्यतींचं वर्षाचं विजेतेपद जिंकला, की फादर एवारिस्तो चर्चची जुनी घंटा वाजवायचे. तीन वर्षं ती मुकीच होती.

"यंदाही विजेतेपद विसरा," कॉफीवाला ओत्तोरिनो एप्रिलपासून गिऱ्हाइकांना ऐकवत होता. "पोरगं वळणावर कचरतं हो. फादर, ती घंटा आता कबुतरांना देऊन टाका!"

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शर्यतीत निकोलोनं अगदी शेवटच्या वळणावर दोघांना मागे टाकलं आणि विजेतेपद पटकावलं. ओत्तोरिनो टेबलावर चढून ओरडला, "मी पहिल्यापासून म्हणत नव्हतो? फादर, बघताय काय, वाजवा घंटा!"

फादरनी शांतपणे कॉफी संपवली.

 

"वाजवतो की. आधी तिचा दोर सोडून आण. एप्रिलात मागून नेलास, अजून तुझ्या विजारी वाळताहेत त्यावर."