बाटलीतली काळी माती

आकारामनं बाटली उन्हात धरली. जुन्या मातीच्या धरणाचा तो राखणदार. पायथ्याला पाझरणाऱ्या झऱ्याचं पाणी रोज सकाळी बाटलीत भरून तो असं बघायचा. वीस वर्षं ते पाणी निवळशंख होतं. आज गढूळ, काळपट. भिंतीचा बाहेरचा भराव सगळा तांबड्या मुरमाचा. काळी माती फक्त तिच्या पोटात. म्हणजे आतला गाभाच वाहून चालला होता.

तो धावतपळत बोट क्लबावर गेला. धरण आणि तळं त्या क्लबाच्याच ताब्यात होतं. तिथं अध्यक्ष नानासो होड्यांना रंग देऊन घेत होते. दुष्काळानंतर तळं पहिल्यांदाच तुडुंब भरलेलं, आणि उद्या रविवारी सांगलीची बडी मंडळी नावेत बसायला यायची होती. त्यांनी आकारामला तासभर ताटकळत ठेवलं आणि मग बाटली हातात घेतली. तोवर माती तळाला बसली होती.

"हे काय, चांगलं नितळ तर हाय!"

"आवं, तळाला बघा की!" आकारामनं बाटली घेऊन हलवली. "धरणाची मोरी उघडा, मालक. आजच पाणी उतरवा. भिंत न्हाई टिकायची."

"हलवल्यावर कुठलंबी पाणी गढूळ व्हतंय. उद्या पावण्यास्नी काय चिखलात फिरवू? आन् वस्तीत जाऊन बोंब मारलीस, तर राखणदाराचा पट्टा हितंच काढून ठेव."

त्या पट्ट्यावर घरातली पाच तोंडं जगत होती. आकारामनं मुकाट मान हलवली. स्वतःची लाज वाटली, तरी हलवली.

वस्ती धरणाच्या अगदी खाली, हाकेच्या अंतरावर. घरी येऊन त्यानं बैलगाडी जुंपली. लेक चंद्राबाई आठ दिवसांची बाळंतीण. बारा दिवसांच्या आत उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून बायको आडवी आली. त्यानं तिला बाजूला सारलं. लेकीला उचलून त्यानं गाडीत निजवलं, कुशीत बाळ दिलं आणि बाकीच्यांनाही वर बसायला लावलं.

शेजारची म्हातारी रंगुबाई लगबगीनं आली. चंद्राचं बाळंतपण तिनंच केलं होतं.

"आरं आकाराम, वल्ल्या बाळंतिणीला कुठं रं घिऊन निघालास? आन् समदीच?"

"मिरजंला, आत्ती. दवाखान्यात. लय ताप हाय."

"अगं बया!" ती तशीच घरात पळाली आणि भरला तांब्या घेऊन आली. "झऱ्याचं हाय. आज जरा गढूळ आलंय, म्हून चौपदरी फडक्यातनं गाळलंय. वाटंत लेकीला पाज."

आकारामनं तांब्या घेतला, पण गाडी हाकली नाही.

"आत्ती…"

"घराचा घोर करू नगंस," ती म्हणाली. "म्या ध्यान ठिवते. आमी कुठं जातुया? हितंच हाय की."