विलीचे सात किलो

सलग सहाव्या मंगळवारी कागदी झेंडा विलीच्या पुढ्यात आला. वजन कमी करणाऱ्यांचं हे मंडळ चर्चच्या हॉलमध्ये भरायचं. आठवड्यात ज्याचं वजन सगळ्यात जास्त उतरेल, त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी तो चिमुकला लाल-पांढरा झेंडा ठेवायची रीत होती. विली आज दीड किलोने उतरला होता. एकूण सात.

टाळ्या विलीला मिळाल्या, पण मान ताठ झाली ती त्याच्या बायकोची, रागन्हिल्डची. का नाही होणार? नवऱ्याचं खाणं तिनेच ठरवलेलं. सकाळी राईच्या पावाचा एकच काप, लोण्याशिवाय. दुपारी उकडलेला मासा आणि कोबी. बटाटा फक्त रविवारी, तोही एकच. मंडळ चालवणारी सोलवाय निवृत्त नर्स. तिने रागन्हिल्डला हे सगळं फळ्यावर लिहायला सांगितलं.

रागन्हिल्ड कोबीपर्यंत आली आणि मागून कार्स्टन फिसकन हसला. बंदरावर त्याची सॉसेजची गाडी होती. तोही सभासद, पण त्याचं वजन मेलं हलायलाच तयार नव्हतं. इतके दिवस तोंड दाबून बसला होता बिचारा, आज राहवलं नाही.

"हा रोज दोन सॉसेज हाणतो माझ्याकडे. तळलेल्या कांद्यासकट."

हशा पिकला. विलीही हसला. चोरी पकडलीच गेली म्हटल्यावर त्याने बेकरीतल्या क्रीमच्या पेस्ट्रीचंही कबूल करून टाकलं. रागन्हिल्डचा पारा चढला. आपण घरी कोबी शिजवत बसायचं आणि या गृहस्थाने बाहेर चरायचं! तिने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली.

सोलवाय तेवढी हसली नव्हती. हे केव्हापासून चाललंय, तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," विली म्हणाला. "खरं सांगू? पथ्य मी एक दिवसही पाळलेलं नाही."

तहान फार लागते का, रात्री घाम येतो का, सोलवायने हळू आवाजात विचारलं. विलीने दोन्हींना हसतच मान डोलावली. डॉक्टरांना मी आत्ताच फोन करते, ती म्हणाली, आजच्या आज जा.

सहा आठवडे रागन्हिल्ड हे श्रेय आपल्या कोबीला देत आली होती. तिने खडू ठेवला आणि नवऱ्याचा कोट उचलला.

"चल," ती म्हणाली. "वाटेत काय हवं ते खा."

चाळीस वर्षांच्या संसारात असं ती पहिल्यांदाच म्हणाली. विली घाबरला तो तेव्हा.